ठिपक्यांचा कोट आणि लखोटेफोडी कट्यार

मौजे हॉथरगिल, प्रांत यॉर्कशायर, येथील क्रिकेट क्लबाच्या चहापान मंडळीने आम्हांस आज्ञा केली की, विल्फ्रेड थ्वेट यांनी जी कट्यार घडविली तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहून ठेवावे, कारण 'मेंढ्याचे शिंग' नामक मद्यगृहात ते दर शुक्रवारी निराळेच सांगितले जाते आणि सांगणारा त्या दिवशी गावात नव्हताच. ऐसियास आम्ही गावचेच, सर्व कुंपणापलीकडून पाहिले, सबब पदरचे फारसे न घालता लिहितो.

राजमान्य राजश्री विल्फ्रेड थ्वेट, टपालखात्याचे निवृत्त जासूद, यांनी उभा जन्म घरोघर लखोटे पोहोचविले, आणि लोकांस लखोटे येणे बंद जाहले तेव्हा लखोटे फोडावयाच्या सुऱ्या घडविण्याचा छंद आरंभिला. मग परसातील खोपटात भट्टी मांडिली, ऐरण आणिली, कातड्याचा अंगरखा चढविला, आणि नात्यागोत्यात एक घर राहिले नाही जेथे त्यांची सुरी गेली नाही, आणि एक घर नव्हते जेथे ती कामास आली. त्यांचे कुटुंब एनिडबाई त्या सुरीने केक कापीत. सुरी फुकट घेतली तर देणाराघेणाराची मैत्री कापली जाते, सबब घेणाराने निदान एक पेनी हातावर ठेवावी, ऐसा त्या मुलखाचा कायदा, आणि तो मोडावयाची छाती अद्याप कोणास जाहली नाही.

शेजारी नॉर्मन मेटकाफ राहत. हे क्लबाचे पंच, गावचे वजनदार गृहस्थ, आणि शाळेपासून विल्फसाहेबांचे जिवलग. दर मंगळवारी दोघे मद्यगृहात डॉमिनोच्या सोंगट्या मांडीत आणि एकमेकांस लबाड म्हणीत. ऐसे सुखात चालले असता एका शनिवारी, सामन्याचे दिवशी, नॉर्मनसाहेबांचा पंचगिरीचा पांढरा कोट दोरीवर वाळत होता, आणि इकडे विल्फसाहेबांनी नवा दगडी कोळसा पेटविला, आणि वारा फिरला, आणि काजळी उडाली, आणि ओल्या कोटावर बसली. मग कोटास जागोजाग काळे ठिपके पडले. दुसरा कोट नाही. तोच अंगावर घालून पंच मैदानात उतरले, आणि त्यांनी बाद म्हणून बोट वर केले की खालच्या गावचे गनीम, ठिपक्यांचा कुत्रा आला म्हणून, भुंकू लागले.

संध्याकाळी फाटकाशी बोलाचाली जाहली.

"विल्फ, तुझ्या त्या भट्टीपायी आज सगळ्या मैदानात माझं हसं झालं."

"हसं कसलं त्यात! धुतलं की जाईल."

धुतले, गेले नाही. तेव्हापासून नॉर्मनसाहेबांनी बोलणे तोडिले. क्लबाने नवा कोट देऊ केला तो नाकारिला, आणि दर शनिवारी तोच ठिपक्यांचा कोट चढवून, विल्फसाहेबांच्या खिडकीवरून मुद्दाम सावकाश चालत जावे, ऐसा जुलूम आरंभिला. मंगळवारी मद्यगृहात पाठ करून बसत. सोंगट्यांची पेटी फळीवर धूळ खात पडली. विल्फसाहेब बहुत दिलगीर जाहले, एकटेच ग्लासापुढे बसून राहत, आणि हा दोस्त गेला तर म्हातारपण कोणाशी भांडून काढावे या काळजीने त्यांस अन्न गोड लागेना.

एनिडबाईंनी मसलत दिली.

"तोंड उघड की जरा. चुकलं म्हण."

"असं एकदम? तोंडावर?"

"मग काय पाठीवर म्हणणार?"

परंतु चुकलो हे शब्द त्या खोऱ्यातील पुरुषांच्या मुखी बसत नाहीत. सबब जे जिभेने होईना ते हातोड्याने करावे, ऐसा मनसुबा ठरला. नॉर्मनसाहेब क्लबाचे चिटणीसही, त्यांस अद्याप कागदी पत्रे येत, आणि ते लखोटा अंगठ्याने फोडून आतले पत्रही फाडीत, हे जुन्या जासुदास ठाऊक होते. मग टपालाच्या सायकलीचा स्टँड, ज्यावर सर्व नोकरी उभी राहिली, तो बाहेर काढिला. त्याचे पाय दोन. पहिला भट्टीत घातला, भाता चालविला, लोखंड पिवळे होऊ आले, तोच वाड्यातून फर्मान सुटले की चहा निवतो आहे. आता त्या मुलखात लोखंड सोडतील पण चहा निवू देणार नाहीत. स्वारी चहास गेली. बिस्किट बुडविले, ते कपात पडले, ते काढण्यात वेळ गेला. परत येऊन पाहतात तो सळईतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत आहेत आणि टोक जळून खाक.

उरला एक पाय. एनिडबाईंनी ठरविले की आजचा चहा खोपटातच आणीन. मग रणकंदन मातले. पाते ठोकून चापट केले, टोक निघाले, मूठ लाल करून शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरिली आणि पान्याने पीळ घातला, तो पीळ सुरेख बसला. मुठीचे शेवटी ओकचे पान काढावयाचे होते. हातोडा घसरला. पान व्हावयाचे त्याचे लांबट, ताठ, वर केलेले बोट जाहले. दुसरे लोखंड नाही, दुरुस्तीस जागा नाही. मग गरम पात्यावर मधमाश्यांचे मेण घासले, ते काळेभोर चकाकले, आणि कट्यार सिद्ध जाहली.

शनिवारी नॉर्मनसाहेब ठिपक्यांचा कोट चढवून निघाले, तेव्हा विल्फसाहेबांनी फाटकाशी वाट अडविली आणि कट्यार पुढे केली.

"हे काय?"

"पत्रं फोडायला. तू फाडतोस म्हणून."

"वर हे माझं बोट केलंयस? भुंकायची आठवण म्हणून?"

"पान आहे ते, गड्या. ओकचं."

"असलं पान कुठल्या झाडाला लागतं रे?"

"...हातोडा घसरला."

नॉर्मनसाहेबांनी पाते उलटेपालटे केले, पिळावरून अंगठा फिरविला. मग हात पाटलोणीच्या खिशात गेला. रिकामा. हल्ली सर्व व्यवहार कार्डावर. नाणी म्हणावी तर कोटाच्या उजव्या खिशात सहा पेन्या, दर चेंडूस एक डाव्या खिशात टाकून षटक मोजावयाच्या, वडिलांपासून चालत आलेल्या.

"ह्या मोजायच्या आहेत," ते म्हणाले.

"मग राहू दे. मी नेतो परत."

"अरे, थांब की!"

आणि ज्या कोटाने वैर मांडिले त्याच कोटातून एक पेनी निघाली आणि विल्फसाहेबांच्या तळहातावर पडली. गावात नॉर्मन मेटकाफांच्या खिशातून नाणे निघताना आजवर कोणी पाहिले नव्हते.

दुपारी सामना सुरू जाहला. पहिले षटक चालले, उजवा खिसा रिता जाहला, पंचांनी "ओव्हर!" म्हणून पुकारा केला. गोलंदाज चेंडू हाती धरून तसाच उभा, गनीम गोंधळ करू लागले. तेव्हा सीमेवरील बाकावरून विल्फसाहेब ओरडले,

"नॉर्मन! पाचच झाले!"

तो भर मैदानातून, सर्व गावाच्या देखत, जबाब आला,

"सहावी तुझ्याकडं आहे ना, गाढवा! तू मोजायची!"

त्या हाकेस आमच्या माहितीप्रमाणे कोणी भुंकले नाही. एनिडबाईंनी डोळ्यांस रुमाल लाविला आणि वाऱ्यावर दोष ठेविला.

कट्यार नॉर्मनसाहेबांच्या मेजावर आहे, आणि विजेच्या बिलांचे लखोटे तिने शिरच्छेद करून उघडले जातात. मंगळवारी सोंगट्या मांडिल्या गेल्या, लबाडीचे आरोप उभय पक्षी जाहले. ती पेनी परत करावयाची नाही, केल्यास मैत्री तुटेल, हे तहाचे एकमेव कलम. सबब तेव्हापासून पाचवे नाणे डाव्या खिशात पडले की पंच बाकाकडे पाहतात, विल्फसाहेब आपली पेनी वर धरून दाखवितात, आणि मग सहावा चेंडू पडतो. कोट अद्याप तोच आहे. मोहीम फत्ते जाहली ऐसे येथे नमूद केले.