कप्तानीण मंजूर

नॉटिंगहॅममधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी आकाशगंगेचं भवितव्य ठरतं. दोन टेबलं जोडून त्यांवर इंच-दीड इंचाचे परग्रहांवरचे शिपाई मांडायचे, फासे टाकायचे आणि एकमेकांचे ग्रह जिंकायचे, असा तो खेळ. खेळणाऱ्यांचा जीव मात्र जिंकण्यापेक्षा शिपाई घडवण्या-रंगवण्यात जास्त. एकाचं धड, दुसऱ्याचं मुंडकं, तिसऱ्याची बंदूक चिकटवून नवाच शिपाई उभा करायचा, याला क्लबात जोडकाम म्हणतात.

विल्फ ओकडेन हा जोडकामातला बाप माणूस. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या. पण हल्ली त्याचा उजवा हात थरथरू लागला होता आणि हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून हा शेवटचा, असं ठरवून त्याने अकरा महिने खपून एक कप्तानीण घडवली. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरायचं, श्वास रोखायचा आणि एक रेघ मारायची. तिच्या गालावरचा व्रण रंगवण्यात अख्खा मार्च गेला. वार्षिक सामन्यात ती एकदा टेबलावर उभी राहावी, एवढीच त्याची इच्छा होती.

आता झालं होतं असं, की गेल्या वर्षी एका सभासदाने दाढीच्या फोमच्या डब्याला पंख लावून तो युद्धनौका म्हणून आणला आणि त्या डब्याने क्लबचे अध्यक्ष जेराल्ड प्लमट्री यांचा साफ धुव्वा उडवला. त्या दिवसापासून क्लबला शुद्धतेची फार चिंता वाटू लागली. नियम झाला: जोडशिपायात निम्म्याहून अधिक ऐवज एकाच मूळ शिपायाचा असावा व तशी समितीची लेखी मंजुरी असावी.

विल्फने तीन प्रतींत अर्ज भरला. समितीने कप्तानीण चर्चच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. केकचं पीठ मोजणारा तो काटा शून्यावरून हलेना.

"वजन शून्य," प्लमट्री म्हणाले. "म्हणजे कागदोपत्री ही नाहीच."

"अरे जेराल्ड, डोळ्यांसमोर उभी आहे की ती!"

"विल्फ, उभं असणं वेगळं, नोंद असणं वेगळं. तू चहा घे. आम्ही बघतो."

समितीने बघितलं. कुणीतरी सोनाराचा काटा पैदा केला. पण भाग सुटे केल्याशिवाय कुणाचं वजन किती ते कळणार कसं? आणि रंगाखाली सांधे दिसेनात, तेव्हा आधी रंग उतरवणं क्रमप्राप्त होतं. तीन आठवड्यांनी विल्फच्या घरी पाकीट आलं. आत सात करडे तुकडे होते आणि प्रमाणपत्र होतं. मूळ ऐवज त्रेपन्न टक्के. मंजूर. अभिनंदन.

विल्फ तडक प्लमट्रींच्या दारात. "आता चिकटवून आणू हिला सामन्याला?"

"अलबत! मंजूरच आहे ती. फक्त रंगवून आण. बिनरंगाचा शिपाई टेबलावर चालत नाही, नियम चार."

 विल्फने आपला थरथरता हात पुढे केला. प्लमट्रींना वाटलं, हस्तांदोलन. त्यांनी तो आपुलकीने दाबला आणि समितीत एक जागा रिकामी असल्याचंही सांगितलं.

घरी येऊन विल्फ स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडला. त्याची बायको मॅव्हिस भडकली. "आग लावा त्या क्लबाला! काड्यापेटी देऊ का?"

"नको. मी समितीत जातो."

"त्या दीडशहाण्यांत?"

"आत शिरल्याशिवाय सुधारणा होत नाही, मॅव्हिस. जे माझं झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ देणार नाही."

पहिलाच अर्ज आला टॅमसिन नावाच्या नर्सचा. पक्ष्याच्या डोक्याचा सेनापती, आणि मानेवरचं एकेक पीस वेगळ्या निळ्यात रंगवलेलं. काय काम होतं! विल्फने 'मंजूर' लिहायला पेन उघडलं आणि तो थबकला. हिचा असाच सोडायचा? मग माझीच काय म्हणून फोडली? मी काय घोडं मारलं होतं?

"मानेपाशी जरा शंका येते," तो म्हणाला.

"पण मिस्टर ओकडेन, आता असं होणार नाही, हे क्लबात सगळ्यांना तुम्हीच सांगितलंत ना?" समोर उभी टॅमसिन म्हणाली.

"होणारच नाही, पोरी. मी स्वतः जपून करीन."

त्याने चाकू मागवला. पातं मानेच्या सांध्यावर टेकवलं. हात तसूभरही हलला नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्याच्या जागी असतो तर असं कदापि केलं नसतं. वा! समितीला अशाच माणसांची गरज आहे. विल्फच्या नेमणुकीच्या अर्जावरही शब्दशः हेच लिहिलेलं आहे.