कवळ्यांचा पाळणा

"फिरण्याबिरण्यातलं मला कुणी शिकवू नये," दातांच्या डॉक्टरांनी घरात जाहीर केलं. "दिवसभर माझ्या हातात गरगर फिरणारंच यंत्र असतं!"

निमित्त होतं लेकीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचं. सहावीतल्या त्या पोरीला वर्तुळाकार गतीवर प्रयोग करायचा होता. पाण्याची बादली गरगर फिरवायची, पाणी सांडत नाही हे दाखवायचं, एवढाच तिचा बेत. डॉक्टरांना तो फारच मिळमिळीत वाटला. त्यांनी दवाखान्यातली, कवळ्यांना चकाकी आणायची जुनी मोटर आणली, तिच्यावर तबकडी बसवली आणि कडेला चार दोरे सोडून जत्रेतल्यासारखा पाळणा केला. दोऱ्यांना बाहुल्या बांधू, असं लेकीने सुचवलं. पण बाहुल्या काय, कुणीही टांगेल, म्हणत डॉक्टरांनी सकाळी घाईघाईत दवाखान्याच्या फळीवरून नमुन्याच्या म्हणून चार कवळ्या उचलल्या. बायकोने कपाळाला हात लावला. एवढ्या बारीक दोऱ्याला हे झेपेल का, असं लेकीने विचारलं, तर डॉक्टरांनी तिच्या पाठीवर नुसती थाप मारली.

प्रदर्शनात मात्र पाळण्यासमोर ही गर्दी झाली. चार कवळ्या दात विचकत गोल फिरत होत्या आणि पोरं हसून लोळत होती. परीक्षक खुर्ची ओढून बसले. लेक समजावून सांगू लागली, की दोरा कवळीला सारखा मधल्या बाजूला ओढतो, म्हणून ती गोल फिरते.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. दवाखान्यातली मदतनीस विचारत होती, की फळीवरची गायनबाईंची नवी कवळी कुठे गेली. बाई दुपारी न्यायला येणार होत्या आणि संध्याकाळी त्यांचं गाणं होतं.

सकाळच्या घाईत तीही उचलली गेली होती! मोटर बंद करायला ते धावले आणि गडबडीत बटण उलटं फिरवलं. पाळणा असा काही सुसाट सुटला, की दोरे पटापट तुटले. एक कवळी फळ्यावर आपटली, दुसरी शेजारच्या ज्वालामुखीत पडली आणि तिसरी परीक्षकांच्या बुटाशी येऊन थांबली. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. तिन्ही नमुन्याच्या निघाल्या. गायनबाईंची तेवढी बेपत्ता!

ती खिडकीसमोर आली असताना दोरा तुटला होता, म्हणून डॉक्टर खिडकीखाली गुडघ्यांवर रांगू लागले. चार पालकही रांगू लागले. लेक तेवढी पाळण्यापाशी उभी राहून विचार करत होती.

"बाबा, तिकडे नाही," ती म्हणाली. "सुटली तेव्हा ती खिडकीसमोर होती, हे खरं. पण दोरा तुटला की ओढून धरणारं कुणी उरत नाही. मग ती खिडकीकडे जात नाही, ज्या दिशेने चालली होती तिकडेच सरळ जाते."

तिने हात आडवा केला. त्या रेषेत, भिंतीलगतच्या टेबलावर, पाऊस कसा पडतो हा कुणाचातरी देखावा होता. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, कापसाच्या ढगात कवळी रुतून बसली होती. साधा चरासुद्धा पडला नव्हता.

डॉक्टरांनी ढग करणाऱ्या मुलीचे आभार मानले, तिच्या आईचे मानले, कापूस कुठून आणला तेही विचारून घेतलं. लेकीच्या डोक्यावरून मात्र ते नुसताच हात फिरवत राहिले. परीक्षकांनी पाय खाली घेतले आणि स्पर्शिका म्हणजे काय ते आज डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणून तिला दुसरा क्रमांक दिला.

मग बापलेक धावत दवाखान्यात पोचले. कवळी औषधात बुडवून, घासून, धुऊन डॉक्टरांनी गायनबाईंच्या तोंडात बसवली. बाईंनी सा लावला, वरच्या सापर्यंत गेल्या. कवळी जागची हलली नाही.

"डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले," डॉक्टर अगदी मनापासून म्हणाले. "उपकार असतील तर या पोरीचे."

बाई कौतुकाने हसल्या आणि हसता हसता थबकल्या. दोन दातांच्या फटीतून त्यांनी कसलासा पांढरा धागा ओढून काढला.

"हा कापूस कसला हो?"

डॉक्टर घाईघाईने हात धुवायला वळले.

"पॅकिंगचा," लेक म्हणाली.