उजवा भोवरा, डावा भोवरा

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि त्या नदीत एक भोवरा होता. भोवरा आपला गरगर फिरे. त्याच्यावर दोन विद्यापीठं चालत.

काठावरचं विद्यापीठ बगळेसरांचं. भोवरा उजवीकडे फिरतो, असं त्यांचं मत. तळाचं विद्यापीठ वामबाईंचं. वाम म्हणजे तो सापासारखा लांबडा मासा. भोवरा डावीकडे फिरतो, असं बाई म्हणत. सर मान पाण्यात घालत ती फक्त जेवायला, संशोधनासाठी नाही. बाई पाण्याबाहेर तोंडच काढत नसत. सिंहमहाराज न्यायी होते. ते दोघांनाही अनुदान देत.

कुंदा नावाचं एक पाणमांजर बगळेसरांकडे पीएचडी करत होतं. कुंदा हुशार होती. तिच्या मैत्रिणींची पिल्लं पोहायला लागली, तरी हिचा प्रबंध चालूच. घरचे आता विचारायचेही थांबले होते.

एकदा मासा पकडायला तिने भोवऱ्याशेजारी बुडी मारली. सहज वर पाहिलं, तर भोवरा डावीकडे फिरत होता. ती घाबरून वर आली. उजवीकडे. पुन्हा खाली गेली. डावीकडे.

मग ती काठावर बसून पोट धरून हसली. प्रबंध त्याच आठवड्यात पुरा झाला.

तोंडी परीक्षेला बगळेसर दगडावर उभे राहिले. बाहेरच्या परीक्षक वामबाई पाण्याखालून बुडबुडे सोडत बोलत होत्या.

"निष्कर्ष सांगा," बाई म्हणाल्या.

"वरून पाहिलं की उजवीकडे, खालून पाहिलं की डावीकडे," कुंदा म्हणाली. "भोवरा एकच आहे. तुम्ही दोघंही बरोबर आहात."

तिला वाटलं, आता दोघं गळ्यात गळा घालतील.

सरांनी वर धरलेला पाय खाली टेकवला.

"मग माझ्या पुस्तकांचं काय?" सरांनी विचारलं.

"आणि माझ्या विभागाचं?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुमचं मत काय?"

"सर, तुमचं आहे तेच."

त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं, आणि कुंदा नापास झाली.

ती लव्हाळ्यात जाऊन खूप रडली. मग तोंड धुतलं आणि शेवटचं पान बदललं. नव्या पानावर लिहिलं, 'भोवऱ्याच्या दिशेबाबत अधिक संशोधनाची गरज आहे.' सरांनी सही केली. बाईंनी शेपटीने सही केली. एवढा परिपक्व प्रबंध आपण आजवर वाचला नव्हता, असं दोघंही म्हणाले.

कुंदाला लगेच डोंगरावरच्या बर्फाच्या गुहेत नोकरी लागली. तिथे धातूचा एक पत्रा इतका गार करत, की त्यातून वीज कुठेही न अडता वाहायची. असल्या धातूला अतिवाहक म्हणतात. चुंबक जवळ नेला की त्या पत्र्यातही बारीक बारीक भोवरे उठत.

पहिल्याच दिवशी कुंदाने ते वरून पाहिले. मग पत्र्याखाली शिरून पाहिले. उपकरण बंद केलं, चहा घेतला आणि पद्माकर साळिंदराकडे गेली. तो तिचा वर्गमित्र. पदवी घेऊन घरी बसलेला.

"पद्माकर, नोकरी हवी आहे ना?"

"कुठलीही चालेल."

"मग गुहेत ये. मी डावीकडे म्हणते, तू उजवीकडे म्हण. आणि जरा तावातावाने म्हण."

साळिंदराचे काटे आनंदाने उभे राहिले. पण शेवटी तोही शिकलेला. त्याने हळूच विचारलं, "पण कुंदा, खरं काय आहे?"

"ते आपण निवृत्तीच्या भाषणात सांगू," कुंदा म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, सत्य जरूर शोधावं. चुकून सापडलंच, तर नीट झाकून ठेवावं. त्याच्या न सापडण्यावर पुष्कळांची घरं चालतात.