मनोहरकाका आणि वाळलेली अबोली

आमच्या घाटंजीतले मनोहरकाका खिशात पेनाऐवजी कात्री ठेवतात आणि कुणाच्याही कुंपणातून हात घालून झाडावरची सुकलेली फुलं कापतात. विचारत नाहीत. तहसिलीत कारकून होते; निवृत्त झाल्यापासून हेच. "अठ्ठावन्न झाले तं सरकारनं मले ठेवलं नाही, ह्या फुलाले कायले ठेवता?" की कच्च!

एकदा माझ्या गुलाबावर कात्री चालली. रस्त्याकडेच्या झाडांसाठी पत्रकं छापून वाटणारी मी, आणि माझ्याच अंगणात कत्तल? मी फाटकात उभी राहून जाहीर निषेध केला. निवेदनाची धमकीही दिली.

"दे ना. अक्षर चांगलं काढजो," काका म्हणाले. "अवं, वाळलं फूल राह्यलं का झाड बिया धरत बसते. मंग नवी कळी काहून काढीन?"

काही दिवसांत गुलाब कळ्यांनी लगडला. निषेध मागे घ्यावा लागला. तोही तोंडी, काकांनी लेखी मागितला होता.

पण एक ढोंग मला सलत होतं. गावभर कात्री चालवणाऱ्या काकांच्या स्वतःच्या दारची अबोली मात्र वाळक्या तुऱ्यांनी भरलेली! डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते यवतमाळला गेले, तसं मी ते ढोंग मोडून काढलं. सगळे तुरे कापले आणि खतात टाकायला म्हणून उरलेल्या पत्रकांत बांधून घरी नेले.

काळा चष्मा लावून काका परतले. मी शाबासकीसाठी उभीच. त्यांनी अबोलीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"तुऱ्यातल्या शेंगा कुठी गेल्या वं?"

"कापल्या. तुमचाच नियम."

ते पायरीवर बसले. "रविवारी नात येऊन राह्यली महागावहून. वाळली शेंग पाण्यात टाकली का तटकन फुटते, मंग लय हासते पोरगी. तुही काकू गेली तवापासून ह्या घरात दुसरं हाय काय तिच्यासाठी?"

मी धावत घरी. खतात टाकायचा आळस केला होता. पुडी खिडकीत तशीच पडलेली. शेंगा कोरड्या, बंद. माझ्या आळसानं एवढं भलं कधी केलं नव्हतं.

काकांनी वाटीत पाणी आणलं, एक शेंग टाकली. दोघंही वाकून बसलो. काहीच होईना. मग तट्! बी थेट काळ्या चष्म्यावर.

काका इतके हसले की चष्मा सावरावा लागला. माझाही जीव भांड्यात पडला. दुसरी शेंग घ्यायला मी हात पुढे केला, तर त्यांनी पुडी ओढून डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

"राहू दे वं. ह्या तिच्या हाय."