अप्पांना मंजूर नसलेला फोटो

आमच्या मन्मथअप्पांनी कंपनीला पाठवलेल्या हजेरीच्या पहिल्याच फोटोत ते स्वतः होते, पाथरीचा खत-बियाण्याचा दुकानदार होता, दुकानदाराचा मेहुणा होता, तक्रार घेऊन आलेले दोन शेतकरी होते आणि कोपऱ्यात एका शेळीचा कान होता. टॅबनं उत्तर दिलं, 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले. पुन्हा प्रयत्न करा.' अप्पांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी शेळी पूर्ण आली.

मी परभणीच्या शाखेत हिशेब पाहते, अप्पा गावोगावच्या दुकानांत फिरून बियाणं विकतात. आमची बियाण्यांची कंपनी मोठी, मुख्य कचेरी पुण्यात. तिथल्या लोकांना गेल्या वर्षी वाटलं, की फिल्डवरचा प्रत्येक माणूस नेमका कुठं उभा आहे हे आपल्याला बसल्या जागी दिसायला हवं. म्हणून सगळ्यांना टॅब आले. सकाळी पहिल्या दुकानात पोचलं की टॅबसमोर तोंड धरायचं, एकट्याचं. टॅबनं ओळखलं तर हजेरी, नाही तर खाडा.

अप्पा टॅबला बिचकले असतील असं कुणाला वाटत असेल, तर तसं मुळीच नाही. बाकीचे अजून पासवर्ड विसरत होते तेव्हा अप्पा झाडाखाली गाडी लावून ऑर्डरी टाकत होते, दुकानदारांना हवामान वाचून दाखवत होते. टॅबला त्यांनी शिंप्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतली होती, आतून अस्तर लावून. त्यांचं भांडण फक्त त्या फोटोशी होतं. अप्पांचा आवडता शब्द 'मंजूर'. चहात साखर कमी असली तरी ते कप खाली ठेवून सांगत, "मंजूर न्हाई." पण फोटोबद्दल ते बोलत तेव्हा आवाजच बदलायचा.

"एकट्याचा फोटो आपल्याला मंजूर न्हाई. बिलकुल न्हाई."

परभणीत स्टेशनजवळच्या हॉटेलात ट्रेनिंग झालं. पुण्याहून आलेली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, मागे फक्त प्लेन भिंत घ्या. शेजारी कोणी नको."

अप्पा उठून उभे राहिले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. "बाई, भितीपुढं एकट्याला उभं करून फोटो कुनाचा काढतेत? चोराचा. न्हाई तर पेपरात द्यायचा आसंल त्याचा, खाली 'भावपूर्ण' लिहून. मी दोन्हीतबी न्हाई."

हॉल हसला. ती मुलगीही हसली. अप्पा हसले नाहीत.

पुढची गोष्ट मात्र आमच्याच जिल्ह्यात होऊ शकते. हजेरी चालू व्हायला टॅबमध्ये एकदा नोंदणीचा चेहरा द्यावा लागतो. रोजचा चेहरा त्याच्याशी जुळला तरच हजेरी. अप्पांनी ही नोंदणी पोखर्णीच्या रामकिसनशेठच्या दुकानात, शेठला शेजारी घेऊन केली. ऐन वेळी अप्पा मागं वळून चहावाल्याला हाक मारायला लागले आणि टॅबनं समोर पाहणाऱ्या शेठचा चेहरा मन्मथअप्पा म्हणून कायमचा लिहून घेतला. झालं! अप्पा रोज सकाळी आधी पोखर्णीला जायचे, नरसिंहाला हात जोडायचे आणि शेठला हजेरीला उभं करायचे.

"तोंड त्यांचं, पगार माझा," ते मला फोनवर म्हणाले. "हे मंजूर हाय."

शेठनाही यात मोठा मान वाटायचा. ते दाढी करून तयार बसत. बाहेरगावी जायचं असलं की अप्पांना आदल्या दिवशी विचारत, "उद्या माझी सुट्टी टाकता का?"

हे कुणाला कळलंही नसतं. पण त्या हंगामात विभागात सगळ्यात जास्त बियाणं अप्पांनी विकलं आणि पुण्यानं त्यांच्या कौतुकाचं रंगीत पोस्टर काढलं. वर फेटा बांधलेले, मिशांना पीळ दिलेले रामकिसनशेठ. खाली नाव आमच्या अप्पांचं. पोस्टर कंपनीच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. शेठनं ते फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलं.

आमच्या मॅनेजरसाहेबांना मात्र पुण्याहून जे ऐकावं लागलं, ते त्यांनी आम्हालाही ऐकवलं. मग मला बोलावून म्हणाले, "शनिवारपर्यंत अप्पांचा एकट्याचा फोटो टॅबमध्ये आला पाहिजे. नाही आला तर पहिल्या तारखेपासून त्यांचं नाव कमी. मी काही करू शकत नाही. ताई, तुमचं ते ऐकतात, तुम्ही जा."

मला संतापच आला. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला, ऊनपाऊस न बघता फिरणारा माणूस, आणि एका फोटोपायी घरी बसवायचा? पण खरं सांगायचं तर राग अप्पांचाही आला. एवढा कसला हट्ट?

शनिवारी सकाळी एसटीनं पाथरीला गेले. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात अप्पा एकटेच. चहा त्यांनीच केला, साखर भरपूर घालून. मी विषय काढला, समजावलं, शेवटी चिडले. "अप्पा, एका फोटोनं तुमचं काय जाणार आहे?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. काकूंचा हार घातलेला फोटो होता. मागं निळा रंग, काकू ताठ बसलेल्या.

"हा फोटो एकटीचा न्हाई, ताई," अप्पा म्हणाले. "पुतण्याच्या लग्नात काढलेला, दोघांचा. ती गेल्यावर आमच्या पोरानं घाईघाईत स्टुडिओत दिला. त्यानं मला कापलं. तिच्या खांद्यावर माझा हात व्हता, तोबी पुसला आन् निळा रंग भरला. आता बघा कशी बसायलीय. कुनीच न्हाई तिच्याजवळ. तवापासून एकट्याचा फोटो म्हनलं की मला तो निळा रंगच दिसतोय."

मीच म्हटलं, "राहू द्या. नको तो फोटो."

"न्हाई, तुमी एवढ्या लांबून आलात," म्हणत अप्पाच उठले. बैठकीची खोली लहान; खुर्ची ठेवायला तेवढीच भिंत मोकळी होती. ते काकूंच्या फोटोखाली बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि पहिल्यांदाच टॅबकडे सरळ बघितलं. मी बटण दाबलं.

पडद्यावर दोन हिरवे चौकोन उमटले. एक अप्पांच्या तोंडाभोवती, एक वर, काकूंच्या. टॅबनं फोटो नाकारला.

अप्पा उठून आले, चष्मा लावून पाहिलं. मग त्या वरच्या चौकोनावर हळूच बोट ठेवलं. "हिला मोजलं व्हय यानं?"

"मोजलं."

ते डोळे पुसत हसायला लागले. अप्पांना दाराजवळच्या कोऱ्या भिंतीपुढं उभं केलं असतं तर मिनिटात काम झालं असतं. मी तिथंच उभी राहून साहेबांना फोन लावला.

"साहेब, फोटो होत नाही. होणारही नाही."

"का?"

"घरात दोघं आहेत."

काकूंच्या मातीला साहेबही आले होते. ते म्हणाले, "मग अप्पांची हजेरी शाखेतून तुम्हीच लावत जा. पुण्याला काय सांगायचं ते मी बघतो."

मी वळून अप्पांना सांगायला गेले, तर त्यांचं लक्षच नव्हतं. खुर्ची जवळ ओढून ते भिंतीला टेकले होते, दोन्ही हातांनी टॅब समोर धरला होता आणि खालीवर करून बघत होते, काकू नीट येतात का.