मालनताईंचं गिचमिड अक्षर

मालनताईंच्या औषधाच्या दुकानात ताप घेऊन जावं, तर पाकिटावर नाव लिहून होईपर्यंत ताप उतरतो. शेजारीच माझं सायकलचं दुकान. पंक्चर काढून, चहा पिऊन बघावं, तर बाई अजून बोरू घेऊन तुमच्या वेलांटीतच अडकलेल्या. घाई केली की म्हणणार, "पावणं, गोळी कंपनीची हाय. अक्षर माझं हाय."

आमच्या पेठेत औषधाचं दुकान काढणारी ही पहिली बाई. तेव्हा लोक औषधापेक्षा बाई बघायलाच जास्त यायचे. आता तेच लोक लग्नपत्रिकांवर नावं घालून घ्यायला खोटं खोटं खोकत येतात. ताई आधी कडू औषध पाजतात, मग नावं घालतात. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळं दुकान बंद करायची घाई कधीच नसते.

पाकिटावरच्या सूचनाही खास. 'सकाळी एक, चहानंतर, सुनेशी भांडायच्या आधी.' नाव मात्र डिंकानं चिकटवलेल्या तोंडावर. नाव फाटल्याशिवाय पाकीट उघडत नाही, म्हणजे एकाच्या गोळ्या दुसरा खात नाही. डोकं एकदम नादखुळा! पण कोडोलीच्या हौसाक्कांपुढं ते चाललं नाही.

हौसाक्का एकट्या राहायच्या. दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायच्या, आणि प्रेशर काही उतरेना. असंच राहिलं तर अंगावरून वारं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. ताई घाबरल्या. मला गाडी काढायला लावली आणि आम्ही कोडोली गाठली. बघतो तर देव्हाऱ्यात जोतिबाशेजारी सगळी पाकिटं ओळीनं उभी, वर हळदकुंकू. एकही फोडलेलं नाही.

"अक्का, गोळ्या का न्हाय खाल्ल्या?"

"माझं नाव एवढं देखणं कुणी लिवलंय, बाई? फाडू कसं?"

परत येताना ताई मागं बसून रडत होत्या. मी आरशात बघितलं आणि गाडी हळू घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोरू बाजूला ठेवला, माझं ग्रीसनं माखलेलं बॉलपेन मागितलं आणि डाव्या हातानं लिहायला बसल्या. बरीच पाकिटं वाया गेली, कारण बाईंच्या डाव्या हातालाही वळण होतं. शेवटी असं गिचमिड अक्षर जमलं की डॉक्टरांनी शाबासकी द्यावी. देखणं नाव वेगळ्या कागदावर काढून दिलं. हे देव्हाऱ्यात ठेवायचं, ते फाडायचं.

हौसाक्कांनी टराटरा फाडलं. प्रेशर उतरलं! ताईंनी पेठभर पेढे वाटले, घेणाऱ्याला आधी शुगर विचारून.

मग कोडोलीहून भाजलेल्या शेंगांचं पाकीट आलं. तोंडावर वाकडीतिकडी तीन अक्षरं, 'मालन'. अख्ख्या पेठेची नावं घालणाऱ्या बाईचं नाव कुणी हातानं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

ते पाकीट अजून काचेच्या कपाटात, टॉनिकच्या बाटल्यांशेजारी उभं आहे. परवा मी म्हटलं, ताई, फोडा की आता, शेंगा खवट होतील.

"होऊ देत," म्हणाल्या, आणि पाकीट जरा आत सरकवून ठेवलं.