टाकीवरचा टेबलक्लॉथ

जोडीबाईंनी जेवताना जाहीर केलं, की आठ दिवसांत मासे फुलात राहायला गेले नाहीत, तर दारावरची मंडळाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवीन. बढाई म्हणावी, तर बावीस वर्षांत त्यांनी तीनशे सोळा लग्नं जुळवली होती. त्यात कुणाशीच न बोलणारे दोन ग्रंथपालसुद्धा होते! अशा बाईपुढे बोटभर लांबीचे दोन नारिंगी क्लाउनफिश म्हणजे किस झाड की पत्ती.

वधूवर मंडळ घराच्याच पुढच्या खोलीत होतं. पहिल्या भेटीला आलेली माणसं एकमेकांच्या चपलांकडे बघत बसतात, त्यांना बघायला दुसरं काहीतरी हवं म्हणून बाईंनी तिथे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. मधल्या दगडावर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जिवंत समुद्री प्राणी, बसवलं होतं. हे मासे त्याच्या झुलत्या बोटांमध्येच घर करतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

पण हट्टाचं खरं कारण मासे नव्हते, लेक होती. एकतीस वर्षांची, इस्पितळात एक्स-रे काढणारी, आणि अकरा स्थळांना नाही म्हणालेली. बारावा होता जनावरांचा डॉक्टर. बाईंचा त्याच्यावर फार जीव जडला होता. रोज त्याचा विषय ऐकून लेक वैतागली आणि म्हणाली, "तू आणणार आहेस ते मासे त्या फुलात गेले ना, की मी तुझ्या डॉक्टरला भेटेन. तोवर त्याचं नाव काढायचं नाही."

बाईंनी लगेच मासे आणून टाकीत सोडले. माशांनी फुलाला एक चक्कर मारली आणि सरळ कोपऱ्यातल्या काळ्या पंपामागे जाऊन बिऱ्हाड थाटलं.

बाईंचा पारा चढला. खुर्ची ओढून त्या टाकीपुढे बसल्या आणि माशांना फैलावर घेतलं. काय बघितलंत त्या पंपात? ना रंग, ना रूप, चोवीस तास नुसती घुरघुर! नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो कोपऱ्यात बसला होता. घोरणाऱ्याबरोबरही माणसं संसार करतात, एवढंच तो म्हणाला. त्यावर त्यालाही दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागलं.

तीन दिवस गेले, मासे हलेनात. मग बाईंना आपला हुकमी उपाय आठवला. चारचौघांच्या नजरेखाली कुणी मोकळं होत नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. पहिल्या भेटीत त्या आत्या-मावश्यांना बाहेर काढायच्या आणि मधलं दार वीस मिनिटं लावून घ्यायच्या. इथेही तेच करायचं ठरलं. टाकीचा दिवा बंद केला, वरून जाड टेबलक्लॉथ घातला, चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावले आणि आत डोकवायचं नाही अशी घरात ताकीद दिली. जिवंत जिवाला उजेड लागतो, असं नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं. तुम्ही तुमची घड्याळं बघा, म्हणून बाईंनी त्याला गप्प केलं. मासे जरा जास्तच आडमुठे, म्हणून वीस मिनिटांचे चार दिवस केले.

पाचव्या दिवशी लेकीला साक्षीला उभं करून बाईंनी मोठ्या थाटात चिमटे काढले.

दगडावर फूल नव्हतं. ओल्या मोज्यासारखं आक्रसून ते सरपटत पंपाशी पोचलं होतं, आणि त्याची दोन बोटं पंपाच्या जाळीत ओढली जात होती. मासे परक्यासारखे लांब उभे होते.

बाईंनी बाही सरसावून पाण्यात हात घातला. माशांच्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी. प्राण्यांच्या जाणकाराचा असा एकच नंबर घरात होता, तोही बाराव्या स्थळाचा. पण होणारी सासू त्याला असला पराक्रम कुठल्या तोंडाने सांगणार? बाईंनी नवऱ्याच्या फोनवरून तो लावायला लावला, हात ओले म्हणून स्पीकर चालू करवला, आणि आवाज बदलून, नाव न सांगता सगळी हकिकत ऐकवली.

"चार दिवस अंधारात? कशासाठी?" डॉक्टरने विचारलं.

"त्यांना जरा एकांत मिळावा म्हणून."

"बाई, ते फूल उजेडावर जगतं. तुम्ही कोंडलंत म्हणून ते जीव वाचवायला निघालं. आधी पंप बंद करा. त्याला ओढू नका, आपण होऊन सुटेल. दिवा लावा, पंपाच्या तोंडाला स्पंज लावा आणि मगच तो चालू करा. मासे जायचे तेव्हा जातील, नाहीतर नाही जाणार. त्यांच्याकडे टक लावून बसू नका. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची लोकांना काय हौस असते, कळत नाही."

फोन बंद झाला. बावीस वर्षांत बाईंना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचे कान लालबुंद झाले. लेक मात्र हसून हसून जमिनीवर बसली. तिने पंपाचं बटण बंद केलं, डोळे पुसले आणि विचारलं, हा होता तरी कोण?

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "तुझा बारावा."

लेकीचं हसू थांबलं. "आई, याला मी भेटणार."

"पण मासे अजून..."

"खड्ड्यात गेले मासे. तुला असं ऐकवणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

तीन दिवसांनी लेक त्याला भेटायला गेली. कुठे, ते तिने सांगितलं नाही, आणि आईने मागे यायचं नाही असं बजावून गेली. खरं तर बाईंनी आनंदाने नाचायला हवं होतं. पण त्या नुसत्या धुमसत होत्या. आठ दिवसांची मुदत उलटून गेली होती आणि पाटीचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. ना मधलं दार, ना वीस मिनिटं! हे जमलं तर तीनशे सतरावं म्हणून मिरवायचं कुठल्या तोंडाने? आणि फोनवरची ती बाई कोण, हे त्याला कळलं म्हणजे?

घरात चिटपाखरू नव्हतं. बाई हाताची घडी घालून टाकीकडे डोळे वटारून बसल्या. फूल आता मागच्या दगडावर चढून ताटलीएवढं फुललं होतं. इतक्यात धाकटा मासा पंपामागून बाहेर आला, फुलाच्या बोटांना अंग घासलं आणि अलगद आत शिरला. त्याच्यामागून थोरलाही गेला. दोघं आत जाऊन निवांत बसले.

बाई ताडकन उठल्या. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारणार कुणाला?

"आत्ता?" त्या दात ओठ खात म्हणाल्या. "मेल्यांनो, आत्ता जाताय?"

मासे जागचे हलले नाहीत. बाईंनी खुर्ची उचलली, दाणकन फिरवून ठेवली आणि टाकीकडे पाठ करून बसल्या.